बंदराच्या बोलीतला अल्बम

प्रस्तावना

माझा थोरला भाऊ मर्चंट नेव्हीत होता. २००५ च्या गणपतीत तो मालवणला घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्यांबरोबर एक सीडी होती. जहाजावरच्या सेकंड इंजिनिअरने ती त्याला दिली होती. हा इंजिनिअर क्रोएशियाचा, एड्रियाटिक समुद्रावरच्या स्प्लिट या बंदराचा. रोज सकाळी इंजिनरूममध्ये भेट झाली की तो दादाला विचारायचा, "दि सि?" म्हणजे 'कुठे आहेस?' स्प्लिटमध्ये 'काय, कसं काय?' असे विचारायची हीच रीत. दादाने त्याला उलट शिकवले, "खंय आसंस?" पुढचे आठ महिने, दोन बंदरांतली ही दोन माणसे, एकमेकांच्या गावच्या बोलीत रोज एकमेकांना 'कुठे आहेस' असे विचारत राहिली.

नंतर कधीतरी त्या इंजिनिअरने दादाला सांगितले, की 'दि' हा पुस्तकातला शब्द नव्हे. शाळेत 'ग्द्ये' असे लिहावे लागते. 'दि' लिहिले तर बाई लाल रेघ मारायच्या. दादाने घरी हे सांगितले आणि मी चमकलो. कारण तिसरीत असताना मी निबंधात 'खंय' लिहिले होते आणि सगळ्या वर्गासमोर ते मला पाच वेळा खोडून 'कुठे' लिहायला लावले होते. त्या दिवसापासून शाळेतली भाषा वेगळी आणि ओटीवरची वेगळी, हे मी मुकाट्याने मान्य केले होते.

दादाने आणलेली सीडी होती 'टीबीएफ' या बँडची. अल्बमचे नाव 'माक्सोन युनिव्हर्सल', साल २००४. त्यात गिटार होती, बास होता, ड्रम होते आणि त्यावर झपाझप बोलत जाणारे आवाज होते. एकही शब्द कळत नव्हता. पण हे सगळे शाळेच्या भाषेत नाही, 'दि'वाल्या भाषेत आहे, एवढे ठाऊक होते. मुंबईच्या दुकानांत तेव्हा विदेशी अल्बम मिळायचे तसाच हा छापील वेष्टनातला, रीतसर स्टुडिओत केलेला अल्बम होता, आणि तो ज्या भाषेत होता तिच्यावर बाई लाल रेघ मारायच्या. हे पुस्तक लिहायचे बीज तिथे पडले.

टीबीएफ म्हणजे 'द बीट फ्लीट', तालांचा ताफा. बंदरातल्या मुलांनी आपल्या टोळीला ताफा म्हणावे, यात नवल नाही. बँड सुरू झाला १९९० मध्ये. म्लादेन बादोविनाच, अलेक्सांदार उर्फ साशा आंतिच आणि लुका बार्बिच हे त्यातले बोलणारे, म्हणजे रॅप करणारे. पुढे निकोला चेलानचा बास, ओग्न्येन पाव्लोविचची गिटार आणि यान्को नोवोसेलिचचे ड्रम आले आणि रॅपच्या टोळीचा पुरता रॉक बँड झाला. ध्वनिमुद्रणाची आणि निर्मितीची बाजू सांभाळणारा द्रागान लुकिच 'लुकी' हा माणूस या कथेत तितकाच महत्त्वाचा आहे.

पहिला अल्बम 'पिंग-पाँग' आला १९९७ मध्ये. म्हणजे बँड सुरू झाल्यावर तब्बल सात वर्षांनी. या सात वर्षांत काय झाले, हे कळल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही.

२५ जून १९९१ रोजी क्रोएशियाने युगोस्लाव्हियातून बाहेर पडून स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युगोस्लाव्ह नौदलाच्या युद्धनौकांनी स्प्लिट शहरावर तोफा डागल्या. युद्ध १९९५ पर्यंत चालले. ज्या हॉटेलांत उन्हाळ्यात पर्यटक उतरायचे, तिथे निर्वासितांची कुटुंबे राहू लागली. युद्ध संपता संपता दुसरे संकट दारात उभे होते. सरकारी कारखान्यांचे खासगीकरण सुरू झाले आणि शहराचे पोट ज्यांवर चालत होते ते कारखाने एकामागून एक कोसळले. 'युगोप्लास्तिका' या प्लॅस्टिकच्या कारखान्याचे उदाहरण पाहा. त्याच्या नावाने खेळणारा स्प्लिटचा बास्केटबॉल संघ १९८९ आणि १९९० मध्ये युरोपचा विजेता झाला होता. १९९१ मध्ये प्रायोजक बदलला, नाव बदलले, पण संघ तिसऱ्यांदा जिंकला. पुढच्या काही वर्षांत तो कारखानाच उरला नाही. बापाच्या हाताला काम नाही, पोराच्या हातात हेरॉइनची सुई, अशी घरे स्प्लिटने त्या दशकात पाहिली. गिरणी संपानंतरचे लालबाग-परळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

अशा शहरात वीस-बावीस वर्षांची मुले गाणी करत होती. अमेरिकेत हिप-हॉप आणि रॉक यांची गाठ तोवर घट्ट बसली होती. १९८६ मध्ये रन-डीएमसीने एरोस्मिथबरोबर केलेले गाणे गाजले, बीस्टी बॉइजचा पहिला अल्बम त्याच वर्षीचा आणि १९९२ मध्ये रेज अगेन्स्ट द मशीनने या दोहोंच्या मिश्रणाला धार आणली. कॅसेटी हातोहाती फिरून हे स्प्लिटपर्यंत पोचले होते. ताल तिथून आला. भाषा मात्र या मुलांना घरातच सापडली. या पुस्तकाचा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

क्रोएशियन भाषेच्या तीन मुख्य बोली आहेत आणि त्यांची नावे गमतीशीर आहेत. 'काय' या अर्थी कोणता शब्द वापरतात, त्यावरून ती पडली. 'श्तो' म्हणणाऱ्यांची श्तोकावियन, 'काय' म्हणणाऱ्यांची कायकावियन आणि 'चा' म्हणणाऱ्यांची चाकावियन. होय, झाग्रेबच्या उत्तरेकडचा शेतकरी 'काय' याच अर्थाने 'काय' म्हणतो. प्रमाणभाषा श्तोकावियनवर उभी राहिली. स्प्लिट मुळात 'चा'वाल्यांचे, पण आजूबाजूच्या डोंगरातून लोक येत गेले आणि शहराची बोली मिश्र झाली. तिचे एक लक्षण मात्र ठाम टिकले. जुन्या स्लाव्हिक भाषेतल्या एका स्वराचा उच्चार प्रमाणभाषेत 'इये' किंवा 'ये' असा होतो, तिथे स्प्लिटमध्ये सरळ 'इ' होतो. दूध प्रमाणभाषेत 'म्लियेको', स्प्लिटमध्ये 'म्लिको'. जग 'स्वियेत', स्प्लिटमध्ये 'स्वित'. २००७ मध्ये आलेल्या 'गालेरिया तुत्नप्लोक' या त्यांच्या चौथ्या अल्बमात जगबुडीवरचे एक गाणे आहे. त्याच्या नावातच 'स्वित' आहे. आपल्या गाण्याच्या नावावरही त्यांनी शाळेची दुरुस्ती होऊ दिली नाही.

दुसरे लक्षण तालाच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे. प्रमाणभाषेत शब्दाच्या शेवटी 'म' येतो, तिथे स्प्लिटमध्ये पुष्कळदा 'न' येतो. 'मी जाणतो' याला 'झ्नाम' ऐवजी 'झ्नान'. 'मी आहे' याला 'साम' ऐवजी 'सान'. आता 'सान' याचा दुसरा अर्थ आहे स्वप्न, आणि 'दान' म्हणजे दिवस. लक्षात घ्या काय झाले ते. 'मी आहे', 'स्वप्न', 'दिवस', 'मी जाणतो' हे चारही शब्द प्रमाणभाषेत एकमेकांना पुरते जुळत नाहीत. स्प्लिटच्या बोलीत ते एकाच यमकात ओळीने बसतात. रॅप करणाऱ्याला यमक म्हणजे पायाखालची जमीन. झाग्रेबच्या रॅपरला जे यमक मिळत नाही ते स्प्लिटच्या मुलाला आईच्या तोंडून फुकट मिळालेले असते.

ही उदाहरणे वहीत लिहून काढत असताना मला अचानक जाणवले, की यांतला एकही शब्द मला परका नाही. 'दान' हा आपल्या 'दिन'चा सख्खा चुलत भाऊ. 'सान' म्हणजे स्वप्न, आणि तो संस्कृत 'स्वप्न'च्याच मुळातून झिजत झिजत आलेला. 'झ्नान' आणि आपले 'जाणणे' एकाच धातूचे. 'मी आहे' या अर्थाचा 'सान' थेट 'अस्मि'च्या घराण्यातला. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भाषा, एक एड्रियाटिकच्या काठी पोचली आणि एक अरबी समुद्राच्या, आणि चारही शब्द दोघींनी जपून ठेवले. दादाच्या सीडीत मला एक शब्द कळत नाही असे मी समजत होतो. खरे तर मी तो ओळखला नव्हता, एवढेच.

बंदराच्या बोलीला आणखी एक श्रीमंती असते, समुद्रावरून आलेल्या शब्दांची. दाल्माशियाचा किनारा १४२० पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होता. म्हणून स्प्लिटच्या घरात खिडकी 'पोनिस्त्रा' असते, टॉवेल 'शुगामान' आणि स्वयंपाकघर 'कुझिना'. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, म्हणून आपण बटाटा खातो, चावीने कुलूप उघडतो आणि पगाराची वाट पाहतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकघराला 'कुजीन' म्हणतात. स्प्लिटची 'कुझिना' आणि गोव्याची 'कुजीन' एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी, एक व्हेनिसमार्गे गेलेली आणि एक लिस्बनमार्गे आलेली. बँडच्या पहिल्या अल्बमच्या पूर्ण नावात 'जिर' असा एक शब्द आहे. तोही इटालियन मुळाचा. जिर म्हणजे संध्याकाळी पाय मोकळे करायला मारलेली फेरी, ओळखीचे लोक भेटत जातात ती. स्प्लिटमध्ये ती फेरी रिव्हावर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर होते. पहिल्या अल्बमला त्यांनी जोडनाव दिले त्याचा अर्थ 'निरोगी जिरची कला' असा होतो. ज्या शहराने नुकत्याच तोफा ऐकल्या होत्या, त्याला संध्याकाळी निर्धास्त फिरता येणे ही कला वाटावी, हे त्या नावातून मला फार जवळून कळले.

ही बोली छापायची, रंगमंचावर आणायची हिंमत टीबीएफने पहिल्यांदा केली असे नाही. स्प्लिटचा कवी मार्को मारुलिच याने 'युदिता' हे महाकाव्य १५०१ मध्ये लॅटिनऐवजी लोकांच्या चाकावियन बोलीत लिहिले. ते १५२१ मध्ये व्हेनिसमध्ये छापले गेले. क्रोएशियन साहित्याचा पिता म्हणून आज त्याचे नाव घेतात. ज्ञानेश्वरीच्या भूमीतल्या वाचकाला हा निर्णय किती मोठा होता हे सांगावे लागणार नाही. विसाव्या शतकात मिल्येन्को स्मोये या स्प्लिटच्या लेखकाने दाल्माशियाच्या बोलीत दूरदर्शन मालिका लिहिल्या. 'नाशे मालो मिस्तो' १९७० ची आणि 'वेलो मिस्तो' १९८० ची. 'मिस्तो' म्हणजे गाव, प्रमाणभाषेत 'म्येस्तो'. अख्ख्या युगोस्लाव्हियाने त्या मालिका पाहिल्या आणि बोलीवर जीव टाकला. आपल्याकडे १९८० मध्येच गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींच्या मालवणीला पुण्या-मुंबईने डोक्यावर घेतले. त्याच वर्षी स्प्लिटची बोलीही छोट्या पडद्यावर पुन्हा आली होती, हा योगायोग मला फार प्रिय आहे.

पण विनोदातून येणारी बोली आणि रागातून येणारी बोली यांत अंतर आहे. बोली हसवते, हे सगळे कबूल करतात. बोलीत विचार करता येतो, बोलीत जाब विचारता येतो, हे कबूल करताना मात्र लोक अडखळतात. स्मोये १९९५ मध्ये गेला. त्याच्या शहरात १९९३ पासून 'फेराल त्रिब्युने' हे साप्ताहिक निघत होते. युद्धाच्या आणि राष्ट्रवादाच्या ज्वरात सत्तेला आरसा दाखवणारे ते पत्र २००८ पर्यंत चालले. त्याच शहरात, त्याच वर्षांत टीबीएफची गाणी तयार होत होती. युद्धात गबर झालेले, व्यसनात बुडालेले, नोकरी गमावलेले, प्रेमात पडलेले असे सगळे शेजारी त्या गाण्यांत आले. ते आले ते आपल्या नेहमीच्या भाषेत बोलत आले. रॅपमध्ये पात्र गाताना नाही, बोलताना ऐकू येते. त्यामुळे बोली बदलली असती तर माणूसच बदलला असता. पोवाड्यात शाहीर गाता गाता मध्येच थांबून बोलायला लागतो आणि प्रसंग अंगावर येतो, तो क्षण आठवा. तीन-चार मिनिटांचे गाणे भरून तोच क्षण चालतो असे समजा.

आता स्टुडिओकडे येऊ. कारण हे पुस्तक अल्बमबद्दल आहे, आणि अल्बम म्हणजे मैफल नव्हे. रॅप-रॉकचा अल्बम बहुधा खालून वर रचतात. आधी ड्रम. एका ड्रमसेटसमोर आठ-दहा माईक लागतात, प्रत्येक ढोलाला आपला, झांजांना आपला, खोलीचा घुमारा पकडायला आणखी दोन. वादकाच्या कानात टिकटिक चालू असते, लय हलू नये म्हणून. मग बास, मग गिटार, आणि सगळ्यांत शेवटी आवाज. हा आवाज टिपणे गाणाऱ्याच्या आवाजापेक्षा अवघड. गायकाला ओळीत दहा-बारा अक्षरे असतात, सूर लांबवताना श्वास भरता येतो. रॅप करणाऱ्याला तेवढ्याच मात्रांत वीस अक्षरे बसवायची असतात. श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवावे लागते, आणि 'प', 'ब' आले की माईकवर हवेची थप्पड बसते म्हणून पुढे जाळी लावतात. मुख्य आवाज झाला की महत्त्वाच्या शब्दांवर तोच आवाज पुन्हा वरून बोलून घेतात. दोन्ही एकजीव झाले की शब्द जाड होतो, ठसतो.

आणि इथेच बोलीचा खरा कस लागतो. मिक्सिंगला बसणारा माणूस गिटार थोडी खाली घेतो, आवाज थोडा पुढे काढतो आणि दर वेळी स्वतःला एकच विचारतो, शब्द कळतोय का? शब्द कळायला हवा असेल तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे सगळ्यांना कळेल तो शब्द वापरणे, 'दि' काढून 'ग्द्ये' घालणे. राजधानी झाग्रेब आहे, रेडिओ झाग्रेबचा, दुकाने झाग्रेबची. टीबीएफने तो उपाय केला नाही. १९९७, २००० चा 'उस्क्लादिमो तोप्लोम्येरे', २००४, २००७, या चारही अल्बमांत बोली तशीच राहिली आणि ध्वनी मात्र दर वेळी बदलत, भरत गेला. 'माक्सोन युनिव्हर्सल'पर्यंत त्यांचा आवाज इतका स्वच्छ आणि बँड इतका घट्ट झाला होता, की त्यातले 'नोस्ताल्गिच्ना' हे गाणे हिप-हॉप कधी न ऐकणाऱ्या घरांतही शिरले. क्रोएशियाच्या बाहेर, ज्या शेजारी देशांशी १९९० च्या दशकात युद्ध झाले होते त्या देशांतही हे शब्द तोंडपाठ असणारे लोक आहेत. बोलीमुळे ऐकणारे कमी होतात, या समजुतीला एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

या पुस्तकात मी काय केले आहे ते थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात शहर आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियन इ.स. ३०५ मध्ये सिंहासन सोडून ज्या राजवाड्यात राहायला आला, त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, वाळत घातलेल्या चादरी सतराशे वर्षांच्या दगडावर फडफडतात. तिथपासून १९७० च्या दशकातल्या 'स्प्लिट ३' या काँक्रीटच्या वसाहतीपर्यंत मी वाचकाला जिर मारायला नेतो. दुसऱ्या भागात युद्ध आणि त्यानंतरची पडझड आहे. तिसरा आणि सर्वांत मोठा भाग अल्बमांचा आहे. एकेक अल्बम घेऊन त्याची रचना, ताल आणि भाषा उलगडली आहे. चौथ्या भागात बोली आणि प्रमाणभाषा यांच्या नात्याबद्दल चार गोष्टी आहेत, तिकडच्या आणि आपल्याही.

गाण्यांचे मराठी भाषांतर मी मुद्दाम दिलेले नाही. जे स्प्लिटच्या 'न'कारात जुळते ते प्रमाण मराठीत आणले की शाळेच्या वहीसारखे दिसायला लागते. अर्थ सांगितला आहे, प्रसंग सांगितला आहे, शब्दांची मुळे दाखवली आहेत. बाकीचे काम कानाने करायचे आहे. नावांचे उच्चार शक्य तितके तिकडच्यासारखे लिहिले आहेत. आणि एका गोष्टीबद्दल मी ठाम आहे. या बँडला मी कुठेही 'स्थानिक' किंवा 'प्रादेशिक' म्हटलेले नाही. ज्यांना आपण बिनदिक्कत 'आंतरराष्ट्रीय' म्हणतो त्या न्यूयॉर्कच्या बँडांनीही आपल्या गल्लीचीच भाषा वापरली होती. फक्त ती गल्ली आपल्याला आधीपासून ठाऊक होती.

मला हे पुस्तक कोणासाठी लिहायचे होते, तेही सांगतो. आज चंद्रपुरात, धुळ्यात, सावंतवाडीत, कोल्हापुरात मुले मोबाइलवर ताल लावून वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत ओळी जुळवत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना कोणी ना कोणी सांगत असेल, की 'भाषा जरा सुधार, म्हणजे पुण्या-मुंबईत चालेल.' त्यांना मला एवढेच सांगायचे आहे. आवाज सुधारा, ताल सुधारा, माईकपुढे श्वास कसा घ्यायचा ते शिका, मिक्सिंग दहा वेळा करा. शब्द मात्र आईने दिला तसाच राहू द्या. त्यात यमके आहेत, जी दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

दादा आता निवृत्त होऊन गावी असतो. त्या सीडीवर इतके ओरखडे पडले आहेत, की ती तिसऱ्या गाण्यावर अडकते. वाचकहो, पहिले पान उलटण्याआधी हा अल्बम कुठूनही मिळवा आणि एकदा सलग ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालतील. मग वाचायला बसा.